आज्ञा आणि विनंति

धानाच्या रोवणीचे दिवस होते. गोंदियास आमच्या घरीं पुतणी माजघरांत बसून स्पॅनिश भाषेचा पाठ घोकीत होती. शिक्षणासाठीं ती स्पेनला जावयाची होती, आणि तेथें जिच्या घरीं राहावयाचें त्या वृद्ध बाईंस पत्र लिहीत होती.

"काका, विध्यर्थाचीं रूपें कांहीं केल्या लक्षांत राहत नाहींत. नुसतें 'एस्क्रिबे', म्हणजे 'लिही', एवढेंच लिहिलें तर नाहीं का चालणार?"

मीं विचारलें, "वडीलधारे पाहुणे दारीं आले तर तूं त्यांस 'बस' म्हणतेस काय?"

"छे! 'आपण बसावें' म्हणतें."

"मग झालें तर! स्पॅनिश लोकही आदरार्थीं विध्यर्थच योजितात."

वाचकहो, कृति सोपी आहे. 'आब्लार' म्हणजे बोलणें व 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतों'. त्यांतील शेवटचा 'ओ' काढून 'ए' जोडावा : मी आब्ले, तूं आब्लेस, तो आब्ले, आम्ही आब्लेमोस, तुम्ही आब्लेइस, ते आब्लेन. आदरार्थी 'आपण' म्हणजे 'उस्तेद'; त्यास तृतीय पुरुषाचें रूप लागतें. 'आब्ले उस्तेद' म्हणजे 'आपण बोलावें'. ज्या धातूंच्या शेवटीं 'एर' किंवा 'इर' असतें, त्यांस उलट 'आ' लागतो : 'कोमेर' (खाणें) याचें 'कोमा', 'एस्क्रिबिर' (लिहिणें) याचें 'एस्क्रिबा'. निषेधही याच रूपानें होतो. 'नो आब्लेस' म्हणजे 'बोलूं नकोस'.

इच्छा दर्शवितांना दोन्ही भाषा जवळ येतात. 'कियेरो के एस्क्रिबास' म्हणजे 'तूं लिहावेंस अशी माझी इच्छा आहे'. 'तूं'चा 'स' दोहींकडे आहेच! मात्र आपण 'पत्र लिहावें' पण 'पोथी लिहावी' म्हणतों. स्पॅनिश क्रियापद कर्माकडे न पाहतां कर्त्याप्रमाणेंच बदलतें. दुसरी अडचण संशयाची. 'तो बोलतो असें मला वाटत नाहीं' येथें आपला साधा वर्तमानकाळ चालतो; स्पॅनिशांत मात्र 'नो क्रेओ के आब्ले' असा विध्यर्थच हवा. जें घडतें असें आपण ठामपणें सांगत नाहीं, त्यास ती भाषा विध्यर्थांत घालते. मराठी विद्यार्थी चुकतो तो येथेंच.

पुतणीनें पत्रांतील 'एस्क्रिबे' खोडून 'एस्क्रिबा' केलें. बदलला तो एकच स्वर. पण तेवढ्यानें आज्ञेची विनंति झाली.