केरीची भैरवी आणि आपले ऋण

भारतीय संस्कृतीचा गौरव हा आपल्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत सोपा विषय होऊन बसला आहे. व्यासपीठ कोणतेही असो आणि वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, सहस्रावधी वर्षांच्या वारशाचा उल्लेख झाल्यावाचून भाषण पुरे होत नाही. या गौरवात खोटे असे काही नाही. परंतु वारसा म्हणजे कोणी तिजोरीत ठेवून गेलेली आणि आपण किल्ली फिरवून बाहेर काढलेली ठेव नव्हे. हाडामांसाच्या माणसांनी तो कष्टाने, पुष्कळदा अपमान गिळून, पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला असतो. ती माणसे कोण होती आणि समाज त्यांच्याशी कसा वागला, हा प्रश्न मात्र व्यासपीठावरून क्वचितच विचारला जातो. गोमंतकीयांना तर तो टाळता येण्यासारखाच नाही.

१९७७ सालच्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. अज्ञात विश्वात कोणी सुजाण जीव असलाच, तर त्याला पृथ्वीवरील मानवाची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविण्यात आली. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. संगीताच्या २७ रचना आहेत. बाख आणि बीथोव्हेन यांच्या पंक्तीस भारतीय संगीताची एकच रचना तेथे बसली आहे : सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली 'जात कहाँ हो' ही अवघ्या साडेतीन मिनिटांची भैरवी. पहिल्या व्हॉयेजरने २०१२ साली आणि दुसऱ्याने २०१८ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेली मानवनिर्मित वस्तू फोंडे तालुक्यातील केरी गावच्या एका स्त्रीचा स्वर घेऊन चालली आहे. ते यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

हा स्वर घडला कसा, हे पाहू गेल्यास 'भारतीय' या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. १८९२ साली जन्मलेल्या या मुलीला बालपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले यांच्याकडे तिने विद्या घेतली आणि अखेर अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करून अनेक वर्षे खडतर मेहनत केली. खाँसाहेबांचे घराणे उत्तरेकडील अत्रौलीचे, आश्रय कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा आणि उत्तरायुष्य मुंबईचे. उत्तरेतील मुसलमान उस्तादाची विद्या गोमंतकातील देवालयांच्या छायेत वाढलेल्या हिंदू मुलीच्या कंठी उतरली आणि तिचे श्रोते झाले मुंबई-कलकत्त्याचे रसिक. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर याच गुरूच्या शिष्या, आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. कोणत्याही एका जातीला, धर्माला वा प्रांताला हा वारसा आपल्या एकट्याच्या नावावर चढविता येणार नाही.

तथापि या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. केसरबाई ज्या कलावंत समाजात जन्मल्या, तो देवळांच्या सेवेशी बांधलेला होता. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे सोळाव्या शतकात आपल्या देवतांना मूळ स्थाने सोडून अंत्रुजात यावे लागले, हा इतिहास आपण अभिमानाने व व्यथेने सांगतो. त्या देवळांच्या सभामंडपांत आणि पालखीपुढे ज्यांनी सूर जागता ठेवला, त्या स्त्रियांचा उल्लेख मात्र आपण चोरट्या आवाजात करतो. उत्सवाला त्यांचे गाणे हवे होते. देवस्थानच्या कारभारात त्यांना स्थान नव्हते आणि विवाहाची प्रतिष्ठाही त्यांच्या वाट्याला येत नव्हती. ज्यांच्या कलेवर समाज डोलला, त्यांच्या लेकरांना त्याच समाजाने बापाचे नाव विचारून खाली पाहावयास लावले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजानेच स्वतःच्या उद्धाराची चळवळ उभी केली. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्यांनी शिक्षणाचा, विवाहाचा आणि स्वाभिमानाचा मार्ग दाखविला. त्यांच्या आत्मचरित्राचे 'मी कोण ?' हे नावच पुरेसे बोलके आहे. माणूस म्हणून ताठ उभे राहावयाचे, तर अनेक घरांना तानपुरा खाली ठेवावा लागला. तो निर्णय सर्वस्वी योग्य होता. कला आणि मानवी प्रतिष्ठा यांतून एकीचीच निवड करण्याची पाळी ज्या समाजरचनेने आणली, दोष तिचा आहे.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या जखमा आता कशाला उकराव्यात ? त्या घरांतील पुढच्या पिढ्या विद्या, प्रशासन, उद्योग अशा सर्व क्षेत्रांत पुढे गेल्या आहेत. त्यांना भूतकाळाची आठवण करून देणे हा नवा अपमान नव्हे काय? या शंकेत सद्भाव आहे. कोणाच्याही घराण्याची चौकशी करण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे निर्विवाद. परंतु विस्मृती म्हणजे सन्मान नव्हे. सूर तेवढा आपला म्हणावयाचा आणि तो सांभाळणाऱ्यांना विसरावयाचे, ही रीत जुन्याच अन्यायाची सभ्य आवृत्ती होय.

तेव्हा करावयाचे काय ? केसरबाईंच्या नावाने केरीत विद्यालय आहे आणि पणजीत कला अकादमीचा संगीत समारोहही होतो; ही गोष्ट उचितच आहे. परंतु वर्षातून एकदा समया पेटवून ऋण फिटत नाही. २०२७ साली व्हॉयेजरच्या उड्डाणाला आणि केसरबाईंच्या निधनाला पन्नास वर्षे होतात, हे निमित्त साधून काही भरीव काम व्हावे. गोमंतकीय गायिकांच्या जुन्या तबकड्या व खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे एकत्र करून ती विद्यार्थ्यांना मुक्तपणे ऐकावयास मिळावीत. वयोवृद्ध कलाकारांच्या आठवणी, बंदिशी व गुरुपरंपरा त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्याव्यात. आणि देवस्थानांच्या महाजनमंडळींनी आपल्या स्थानिक इतिहासात या कलावतींच्या सेवेला सन्मानाचे पान द्यावे. शेवटच्या कामाला खर्च फारसा नाही. मनाचा मोठेपणा तेवढा लागतो.

मोगूबाईंचे कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते गाव काही दिवस वर येते आणि जुने गावकरी तेथे जाऊन आपल्या देवाला हात जोडतात. आपल्या सांस्कृतिक स्मृतीची गत तशी होऊ नये. सरकारी उत्सवाच्या दिवसांत वर यावे आणि एरवी बुडून राहावे, इतके हे ऋण लहान नाही.