चंदनकाचा प्रवेश

संगीत नाटकाचा प्रयोग ठरला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : नायक कोण? ‘मृच्छकटिक’ असेल तर चारुदत्त कोण आणि वसंतसेना कोण, एवढे कळले म्हणजे रसिकांचे समाधान होते. बाकीची पंधरावीस पात्रे कोणी रंगवायची याची चौकशी करण्याची आपली रीत नाही. ती माणसे कोठून तरी येतात, मिशा चिकटवतात, आपली वाक्ये म्हणतात आणि पडदा पडल्यावर रंग पुसून शेवटची एस. टी. गाठतात. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावांच्या जागी ‘आणि इतर’ असे दोन शब्द असतात. या ‘इतर’ मंडळींबद्दल आज चार शब्द लिहावेत असे वाटते. कारण सीमाभागातल्या एका तालमीत त्यांच्यावर प्रसंग गुदरला आहे.

मी गाण्याचा मास्तर. आठवड्यातले दोन दिवस निपाणीस व एक दिवस बेळगावास शिकवण्या असतात. तिकडच्या एका हौशी मंडळाने यंदा ‘मृच्छकटिक’ बसवावयास घेतले असून पदांची तालीम माझ्याकडे आहे. प्रयोग तीन तासांत संपला पाहिजे, माणसे तर मिळत नाहीत, या विवंचनेतून एक सूचना पुढे आली : वीरक आणि चंदनक या दोन पहारेकऱ्यांच्या भांडणाचा प्रवेश गाळून टाकावा. प्रेक्षक येतात ते पदांसाठी, पहारेकऱ्यांच्या तंट्यासाठी कोण येतो, असा त्यामागचा हिशेब. बैठकीत बहुतेकांनी मान डोलावली. एक कॉलेजात शिकणारा मुलगा मात्र उठून म्हणाला, “सर, तो प्रवेश काढू नका. चंदनक म्हणजे आमचा वेज आहे.”

हा वेज कोण, हे बैठकीत कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या पिढीच्या पुष्कळ वाचकांनाही नसेल, म्हणून सांगतो. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली आला. ताऱ्यांच्या मुलखातले जुलमी साम्राज्य व त्याविरुद्ध उठलेले मूठभर बंडखोर, अशी ती कथा. पुढे १९८० आणि १९८३ साली तिचे आणखी दोन भाग निघाले आणि नंतर तर तिचे एक पुराणच झाले. या कथेचा नायक ल्यूक नावाचा शेतकऱ्याघरचा पोरगा. वेज अँटिलिस हा त्याच्या तुकडीतला एक वैमानिक अधिकारी. तिन्ही चित्रपट मिळून त्याची वाक्ये हाताच्या बोटांवर मोजण्याहून फार जास्त नसतील. पहिल्या चित्रपटातल्या शेवटच्या हल्ल्यात तो नायकाच्या पाठीशी असतो. त्याचे विमान जायबंदी होते आणि नायकच त्याला मागे फिरायला सांगतो. त्या तुकडीतले बहुतेक वैमानिक मरतात, वेज वाचतो. दुसऱ्या भागात तो पुन्हा लढाईत दिसतो. तिसऱ्या भागात तो स्वतः तुकडीचा म्होरक्या असतो आणि शत्रूच्या अजस्र यंत्रगोलाच्या पोटात शिरून त्याची नस तोडणाऱ्यांपैकी एक असतो. त्याला प्रेमकथा नाही, घराणे नाही, दैवी शक्ती नाही. दिलेले काम करावे आणि पुढच्या कामाला हजर राहावे, एवढेच त्याचे चरित्र.

यातली खरी मौज पडद्यामागची आहे. १९७७ च्या चित्रपटात विमानात बसलेला वेज रंगवला डेनिस लॉसन या स्कॉटिश नटाने. हल्ल्यापूर्वीच्या मसलतीच्या दृश्यात मात्र वेज म्हणून कॉलिन हिगिन्स हा वेगळाच नट बसला आहे. आणि ऐकू येणारा आवाज या दोघांचाही नाही. तो डेव्हिड अँक्रम या तिसऱ्याच माणसाचा. म्हणजे एवढ्याशा भूमिकेस तीन माणसे लागली. इतके करून नामावळीत लॉसनच्या नावाचे स्पेलिंग चुकले ते चुकलेच. तथापि प्रेक्षकांनी या दुय्यम अंमलदाराला डोक्यावर घेतले. त्याच्यावर पुढे कादंबऱ्या निघाल्या, आणि २०१९ च्या भागात म्हातारा झालेला लॉसन क्षणभर विमानात दिसला तेव्हा जुन्या रसिकांनी त्याला ओळखले. निपाणीच्या एका मुलाच्या वहीत त्याचे चित्र असावे, यात तेव्हा नवल ते काय?

आता चंदनकाकडे वळू. शूद्रकाच्या मूळ नाटकात सहाव्या अंकात गाड्यांची अदलाबदल होते. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते. इकडे पालक राजाच्या तुरुंगातून पळालेला गोपालपुत्र आर्यक चारुदत्ताच्या गाडीत शिरून लपतो. शहरभर नाकेबंदी असते. नगररक्षकांचे दोन अधिकारी, वीरक आणि चंदनक, ती गाडी अडवतात. आत वसंतसेना आहे असे गाडीवान भाबडेपणाने सांगतो. वीरक काही वाईट माणूस नव्हे. कामावर असताना ओळखदेख बघायची नाही, गाडी तपासल्याशिवाय सोडायची नाही, असा त्याचा बाणा. चंदनक पुढे होऊन गाडीत डोकावतो आणि आर्यकाची व त्याची नजरानजर होते. आर्यक शरण येतो. एका क्षणात चंदनकाला ठरवायचे असते : चाकरी की शरणागताचे प्राण? तो अभय देतो.

मग तो मागे वळून बोलू लागतो आणि त्याची जीभ घसरते. आत बाई आहे असे सांगायचे, पण तोंडून पुरुषवाचक शब्द निघतो. लगेच तो सावरून घेतो. वीरकाला मात्र वास लागतो. यावर चंदनक काय सारवासारव करतो? आम्ही दक्षिणेकडचे लोक, नाना देशांच्या भाषा आमच्या तोंडात, आमच्या लिंगाच्या चुका कसल्या काढता, असे तो म्हणतो. तेवढ्याने भागत नाही असे दिसताच कर्नाटकी पद्धतीचे भांडण उकरून काढावे असा बेत तो मनाशी करतो आणि तंटा एकमेकांची जात काढण्यापर्यंत नेतो. शेवटी वीरकाला लाथ बसते, तो रागाने राजदरबारी फिर्याद देण्यास निघतो आणि गाडी सुटते. जाताना चंदनक आर्यकाच्या हाती तलवार देतो आणि राजा झालास तर माझी आठवण ठेव, एवढेच मागतो.

वाचकहो, हे भांडण सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. निपाणीच्या बाजारात एका वाक्यात दोन भाषा सुखाने नांदतात. बाई ‘आला’ आणि गडी ‘आली’ हे तिकडे रोज कानी पडते. त्यावर कोणी हसत नाही, ज्याला जे समजायचे ते समजते. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या असलेल्या एका नाटकात अशा घसरलेल्या शब्दावर एका माणसाचे प्राण आणि एका राज्याचे भवितव्य टांगलेले आहे, आणि तोच प्रवेश आपण बेळगाव-निपाणीकडच्या प्रयोगातून गाळणार! पुण्यामुंबईकडे तो गाळला तर एक वेळ समजू शकेल. तो प्रवेश ज्यांच्या घरचा आहे त्यांनीच तो टाकून द्यावा, हे काही ठीक नव्हे.

प्रवेश गाळल्याने कथेचे काय होते तेही पाहावे. चंदनकाने गाडी सोडली नसती तर आर्यक राजा होत नाही, आणि आर्यक राजा झाला नाही तर सुळावर जाणाऱ्या चारुदत्ताच्या मागे नवे राज्य उभे राहत नाही. वीरकाचे महत्त्वही कमी नाही. लाथेची फिर्याद घेऊन तो नवव्या अंकात न्यायसभेत येतो, आणि वसंतसेना त्या गाडीतून उद्यानाकडे चालली होती, असे प्रामाणिकपणे सांगतो. ती खुनाच्या आरोपात चारुदत्ताविरुद्धची साक्ष ठरते. एका पहारेकऱ्याच्या दयेने राज्य पालटते आणि दुसऱ्याच्या कर्तव्यनिष्ठेने नायक फाशीच्या दारात जातो. दोघांनाही ठाऊक नसते की आपण केवढा भार उचलला आहे. शेवटच्या अंकात चंदनकाला साऱ्या राज्याचा दंडाधिकारी नेमतात तेव्हा शूद्रकाने ‘इतरां’चे ऋण फेडले आहे. आपण मात्र ते फेडण्यापूर्वीच कर्ज नाकारायला निघालो आहोत.

हे नाटक मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवल जन्माने सांगलीजवळच्या हरिपूरचे; पण शिकले बेळगावात आणि काही काळ तिथेच शिक्षकही होते. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. कालिदासाच्या त्या नाटकातही दुसऱ्या अंकात एक सेनापती आहे. विदूषकाला तो हळूच सांगतो की तू आपला हट्ट सोडू नकोस, आणि राजापुढे मात्र मृगयेचे गुण गातो. राजाचे मन फिरताच मुकाट्याने शिकार आवरण्याचा हुकूम झेलतो. असेही अंमलदार असतात. किंबहुना असेच फार असतात. म्हणून तर चंदनक उठून दिसतो.

आपल्याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा लिहिली. त्या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटून जाते आणि साऱ्या हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेला लागतो. इतिहास फिरतो त्या एका गोळीने. ती झाडणारा शिपाई मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही. कथेतले सोडा, प्रत्यक्षातही तेच. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्या पलटणीला दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले : १९४४ साली यशवंत घाडगे यांना आणि १९४५ साली नामदेव जाधव यांना. एक नाईक, दुसरा शिपाई. सेनापतींची नावे आपल्याला मुखोद्गत असतात. ही दोन नावे किती घरांत मुलांना सांगितली जातात?

माझे वडील संस्थानच्या अखेरच्या काळात दरबारी नोकरीत सारंगीच्या साथीला होते. मी त्यांच्या उतारवयातला. गवयाचे नाव बिदागीच्या वहीत ठळक अक्षरांत असे, सारंगिये आणि तबलजी एका ओळीत. ते याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. मात्र गवई समेवर चुकीने आला तर सारंगीने त्याला असे सावरून घ्यावे की त्याचे त्यालाही कळू नये, ही त्यांची शिकवण होती. साथ हा कमीपणा नव्हे, ती एक स्वतंत्र विद्या आहे, हे आज शिकवण्यांत सांगताना माझी फार तारांबळ उडते. दूरदर्शनच्या स्पर्धांनी प्रत्येक आईबापांना आपला मुलगा पहिला हवा झाला आहे. तंबोरा धरून मागे बसायला कोणी तयार नाही. स्वर कसा लावावा हे मात्र तंबोऱ्यामागे बसूनच कळते. पुढे बसणाऱ्याला ते कळेतोवर उशीर झालेला असतो.

मंडळाची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाडे, प्रकाशयोजना, पडदे यांचा खर्च वाढला आहे, आणि नोकरदार माणसांना तालमीस वेळ नाही. तेव्हा गाळण्याऐवजी काही उपाय सुचवतो. वेळ वाचवायचा तर पदांच्या लांबलेल्या ताना आणि वन्समोअर आवरावेत. पदांचा मास्तर म्हणून हे मी सांगतो आहे, यातच काय ते आले. माणसे कमी असतील तर एकाच नटाने दोन भूमिका कराव्यात. वीरक-चंदनक करणारे दोघे शेवटच्या अंकात वेष बदलून चांडाळ म्हणून उभे राहू शकतात, फक्त चंदनकाची तिथली वाक्ये दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागतील. आणि पत्रिकेवरचे ‘आणि इतर’ काढून पात्रे रंगभूमीवर येतात त्या क्रमाने सर्वांची नावे छापावीत. त्याला शाईच्या दोन ओळी जास्त लागतील.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा गावोगावचे लोक हळहळले. त्या रंगमंचावर गाजलेल्या नायक-नायिकांच्या आठवणी वर्तमानपत्रांतून कितीतरी दिवस येत होत्या. त्याच फळ्यांवर भालदार, चोपदार, पहारेकरी होऊन उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांची आठवण कोणी लिहिली नाही, कारण त्यांची नावे कोठे छापलेलीच नव्हती. इमारत पैशाने पुन्हा बांधता येते; न छापलेले नाव मागाहून शोधता येत नाही.

निपाणीच्या त्या मुलाने चंदनकाची भूमिका मागून घेतली आहे. वीरकासाठी अजून माणूस मिळायचा आहे. मंडळाचा निर्णय पुढच्या बैठकीत होईल. प्रवेश राहिला आणि प्रयोग लागला, तर आपल्या जुन्या घरांतल्या रसिकांनी सहावा अंक सुरू असताना चहासाठी उठू नये, आणि गाडी सुटल्यावर त्या दोन पहारेकऱ्यांसाठी टाळी वाजवावी, एवढेच मागणे आहे.