सहा तारा, सागवानी मान

बँडमधला बेसवाला ऐन गिगच्या तोंडावर बंगलोरला शिफ्ट झाला, की गिटारवाल्यांपैकी एकाच्या गळ्यात बेस पडतो. तारा चारच, त्यात कॉर्ड्स नाहीत आणि वरच्या दोन तारांवर जन्मभर घोटलेलं सगळं वाया! मग डोक्यात किडा वळवळतो: आपल्या गिटारसारखाच लागणारा सहा तारांचा बेस बनवून घेतला तर?

आयडिया नवी नाही, बरं का. डॅनइलेक्ट्रोने १९५६ मध्ये आणि फेंडरने १९६१ मध्ये हाच प्रकार बाजारात आणला. ई-ए-डी-जी-बी-ई, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे गिटारची जाड ई तार ८२.४ हर्ट्‌झला वाजते, तर याची ४१.२ला. ‘विचिटा लाइनमन’मधला ग्लेन कॅम्पबेलचा घोगरा, काळजात घुसणारा सोलो आठवा. तो सहा तारांच्या बेसवरच वाजलाय. एरवी ज्याला ‘सिक्स स्ट्रिंग बेस’ म्हणतात तो वेगळा, बी-ई-ए-डी-जी-सी असा लागणारा. ऑर्डर देताना हा घोळ आधी मिटवा.

आता डिझाइनचा फंडा. पहिला प्रश्न रंगाचा नाही, तारेच्या लांबीचा. नेहमीच्या बेसची स्केल ३४ इंच, फेंडरच्या त्या सहा तारांच्या बेसची ३० इंच. तीच तार त्याच सुरात ३० इंचांवर लावली, तर ताण सुमारे २२ टक्के कमी होतो. बोटांना आराम, पण खालची ई ढिली पडून फडफडते. म्हणून तिथे जाड तार हवी. दुसरा प्रश्न तारांमधल्या अंतराचा. ब्रिजवर गिटारसारखं साडेदहा मिलिमीटर ठेवलंत तर पिकने वाजवायला मस्त, पण स्लॅप विसरा. १६ मिलिमीटर ठेवलंत तर पहिल्या तारेपासून सहावीपर्यंत ८० मिलिमीटर होतात आणि मान फळकुटाएवढी रुंद. आपण नक्की कसं वाजवतो, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. आणि खालच्या पट्टीत पूर्ण कॉर्ड छेडू नका, नुसता गजबजाट होतो. दोन-तीन सूर पुरतात.

मग लाकूड. इथे आपले चंद्रपूर-गडचिरोलीकर वाचक कॉलर ताठ करू शकतात. मेपल मागवायची गरजच काय? आपला सागवान ताठपणात मेपलच्या जवळपास आणि हवेनुसार फुगण्या-आक्रसण्यात कमालीचा शहाणा. पंचेचाळीस अंशांचा मे आणि लगेच धो धो जुलै सोसायचा असेल, तर मानेला हेच लाकूड हवं. आत ट्रस रॉड मात्र हवाच. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी सांधा सॉल्व्हंटने पुसायला कारागिराला सांगा. बॉडी मात्र सागाची नको. पाच लिटर घनफळाची बॉडी सागात सव्वातीन किलोच्या घरात जाते, शिवणीत अडीचच्या आत. दोन तासांच्या गिगनंतर खांदा तुम्हाला दुवा देईल. फ्रेटबोर्डला शिसव. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा गिटारवाल्यांची झोप उडाली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, सुट्या फळीला नाही.

आवाजाबद्दल फार रोमँटिक होऊ नका. इलेक्ट्रिक वाद्यात तारा, स्केल आणि पिकअप यांचा हात लाकडापेक्षा मोठा. तरीही लाकडाची निवड महत्त्वाची, कारण ते कुठून आलं हा प्रश्न उरतोच. आलापल्लीजवळचं ‘वनवैभव’ पाहिलंय? जेमतेम सहा हेक्टरांचा जुना राखीव तुकडा, २०१४ पासून जैवविविधता वारसा स्थळ. तिथल्या सागांखाली मान वर करून उभं राहिलं, की लाकूड ‘स्वस्तात काढून देतो’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आपोआप कळतं. राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेला, तोही रीतसर. तुमच्या घनफूटभर लाकडालाही बिल आणि परवाना मागा.

त्याहून झकास उपाय म्हणजे गावाकडच्या पाडलेल्या घराची चौकट. पन्नास वर्षं वाळलेला साग, सरळ रेषा, नवं झाड तोडायला नको. खिळे तेवढे शोधून काढा, नाहीतर कारागिराच्या रंध्याचं पातं जायचं. आणि ऑर्डर देण्याआधी कुणाचा तरी तयार सहा तारांचा बेस तासभर वाजवून बघा. मजा आली नाही, तर चौकट आजोबांच्या घरातच शोभून दिसेल!