इन्सुलिन ‘सोसत नाही’ म्हणजे नेमके काय होते?

“डॉक्टर, मला इन्सुलिन सोसत नाही, म्हणून मी बंद केलं.” असे कुणी सांगितले की माझा पहिला प्रश्न असतो, नेमके काय झाले आणि किती वाजता? ‘सोसत नाही’ या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी असतात. त्यांच्यावरचा उपाय बहुतेक वेळा डोस, वेळ किंवा टोचण्याची जागा बदलणे हा असतो. इन्सुलिन परस्पर बंद करणे हा नव्हे. टाइप 1 मधुमेहात तर एक दिवस बंद करणेही जिवावर बेतू शकते.

सर्वांत महत्त्वाची तक्रार साखर उतरण्याची. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, भूक, कधी उगाच चिडचिड. ग्लुकोमीटरवर 70 पेक्षा कमी आकडा आला तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात हलवावे.

हे झाले तातडीचे. पण साखर रोज ठरावीक वेळी उतरत असेल, तर त्यातून काहीतरी कळते. सकाळ-संध्याकाळ 30/70 मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांचे सकाळचे इंजेक्शन दुपारीही काम करत असते. साडेबाराचे जेवण अडीचला गेले की त्रास ठरलेलाच. इथे औषध तेच, घड्याळ चुकले. चतुर्थी-एकादशीचे तेच, उपवास करायचा असेल तर आदल्या आठवड्यात विचारा, त्या दिवशीचा डोस ठरवून देता येतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर ग्लिमेपिराइडसारखी जुनी गोळी तशीच चालू आहे का, हेही पाहायला हवे.

कधी कधी घाम आणि थरथर असते, पण मीटर 120 दाखवतो. महिनोन्‌महिने 300 ची सवय झालेल्या शरीराला 120 सुद्धा कमी वाटते. दोन-तीन आठवड्यांत हे बहुधा शमते. मात्र मीटर जवळ नसेल तर वाट न पाहता साखर घ्यावी.

पोटावर रोज एकाच जागी टोचले की तिथे मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही, म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात! गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते आणि साखर वर-खाली होते. जागा बदलाच, पण आधी डॉक्टरांना सांगा, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त ठरू शकतो. सिरिंजही तपासा. 40 च्या बाटलीला 40 चीच सिरिंज, लाल टोपणाची. 100 च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत ओढले तर औषध निम्म्याहून कमी जाते. उलट केले तर अडीच पट.

सुरुवातीला अंधूक दिसते, कारण साखर बदलली की डोळ्यातल्या भिंगाचा आकारही थोडा बदलतो. काही आठवडे नवा चष्मा करू नका. पण डोळ्यांपुढे काळे ठिपके आले किंवा एकाएकी दिसेनासे झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. घोट्यांची हलकी सूज बहुधा उतरते. धाप लागत असेल तर थांबू नका. वजन दोन-तीन किलो वाढते, कारण लघवीतून वाया जाणारी साखर आता अंगी लागते. त्यात साखर उतरेल या धास्तीने सारखे खाणे सुरू झाले की वजन आणखी चढते. तेव्हा डोस तपासून घ्यावा, खाणे वाढवू नये.

यात आम्हा डॉक्टर मंडळींचाही वाटा आहे. चिठ्ठीवर ‘4 युनिट वाढवा’ लिहायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर काय जाणवेल हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे रुग्णाने हक्काने मागावीत.

आणि येताना तीन दिवसांची नोंद आणावी: किती वाजता टोचले, किती युनिट, कुठे, जेवण कधी, मीटरचा आकडा किती. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली चालेल. त्रास झाला तर पुढचे इंजेक्शन टाळण्याआधी फोन करा.