खडकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

१/ दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमचा इतिहास बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. पहिले: ‘१९२४ मध्ये हान्स मेरेन्स्की या भूवैज्ञानिकाने प्लॅटिनमचा शोध लावला.’ दुसरे: ‘निसर्गाने त्या देशाला भरभरून दिले.’ दोन्ही अर्धसत्ये आहेत, आणि दोन्हींतून वगळला जाणारा अर्धा भाग एकच आहे: जमीन आणि त्या जमिनीवरची माणसे.

२/ आधी खडकाची बाजू ऐकावी. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी कापवाल या अतिप्राचीन, स्थिर भूखंडाच्या पोटात प्रचंड प्रमाणात शिलारस घुसला. तो पृष्ठभागावर न येता खालीच सावकाश थिजला. त्यातून बनलेला बुशवेल्ड संकुल हा जगातील सर्वांत मोठा स्तरित अग्निजन्य खडकसमूह होय.

३/ शिलारस थंड होताना लोह-मॅग्नेशियमने समृद्ध स्फटिक प्रथम घडले आणि थरावर थर साचत गेले. तळाशी डनाइट, हार्झबर्गाइट, पायरॉक्झिनाइट हे अतिमॅफिक खडक, मधूनमधून क्रोमाइटचे काळे पट्टे आणि वर गॅब्रो. कित्येक किलोमीटर जाडीची ही उतरंड आहे.

४/ मग प्लॅटिनम एका अरुंद थरात का साठले? शिलारसात गंधकाचे प्रमाण पुरेसे झाले की सल्फाइडचे थेंब वेगळे होतात. प्लॅटिनमला सिलिकेट रसापेक्षा या थेंबांची ओढ हजारो पटींनी अधिक. थेंबांनी विस्तीर्ण रसातील विखुरलेला धातू वेचला आणि त्याचा पातळ पट्टा तयार झाला. एवढे करूनही एका टन खडकातून या गटातील धातू मिळतात ते साधारण चार ते सात ग्रॅम.

५/ हा शिलारस उसळला कशामुळे, यावर भूवैज्ञानिकांत आजही वाद आहे. कोणी खोल प्रावरणातून वर आलेल्या उष्ण स्तंभाकडे बोट दाखवतो, कोणी भूखंडाच्या कडेवरील विवर्तनी हालचालींकडे. दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल विज्ञान इतके सावध बोलते. शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल लोकप्रिय इतिहास मात्र एका नावावर मोकळा होतो.

६/ १९२४ मध्ये पूर्व बुशवेल्डमधील मांडाग्सहुक शेतावर ओढ्याच्या कोरड्या पात्रातील वाळूत पांढुरके जड कण आंद्रिएस लोम्बार्ड या शेतकऱ्याच्या नजरेस पडले. ते मेरेन्स्कीकडे पोहोचले. त्यांचा माग काढत मेरेन्स्कीने मूळ थर गाठला. त्याआधी, १९०८ मध्येच, हॉल आणि हम्फ्री यांनी बुशवेल्डच्या क्रोमाइटमध्ये प्लॅटिनम असल्याचे नोंदवले होते.

७/ मराठीने येथे मोठी सोय करून ठेवली आहे. ‘सापडणे’, ‘शोध घेणे’ आणि ‘शोध लावणे’ या तीन निराळ्या क्रिया आहेत. लोम्बार्डला कण सापडले. मेरेन्स्कीने शोध घेतला. तर्काच्या बळावर तो थर दूरवर मागोवत नेणे ही असामान्य कामगिरी होती आणि तिचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे. परंतु तिन्ही क्रिया एकाच कर्त्याला बहाल करणे हे इतिहासलेखन नव्हे, ती आरती होय.

८/ आता ‘निसर्गाच्या देणगी’कडे वळू. हे थर बशीसारखे आत कलले आहेत. त्यांच्या कडा पूर्वेस आणि पश्चिमेस पृष्ठभागावर येतात. त्या कडांवर वस्ती होती. याच बुशवेल्डच्या ग्रॅनाइटशी निगडित रूइबर्गचे कथील आफ्रिकी कारागीर युरोपीय येण्यापूर्वीच काढीत होते. भूमी अज्ञात नव्हती आणि निर्मनुष्य तर नव्हतीच.

९/ मेरेन्स्कीच्या थराआधी अकरा वर्षे, १९१३ मध्ये, भूमी कायदा आला. देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी सुमारे ७ टक्के जमीन राखली गेली. तिच्याबाहेर जमीन विकत घेण्यास त्यांना मज्जाव झाला. धातू उजेडात येण्याआधीच तो कोणाच्या पदरी पडू नये, याची तजवीज झाली होती. याला देणगी म्हणणे म्हणजे लुटीच्या पावतीवर निसर्गाची सही घेणे होय.

१०/ यावर आक्षेप येईल: खडकच तसा, त्याला माणूस काय करणार? उत्तर रस्टेनबर्गजवळ आहे. एकोणिसाव्या शतकात बाफोकेंग समाजाच्या मोकगात्ले या प्रमुखाने तरुणांना किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर मजुरीला धाडले. त्या कमाईतून समाजाने आपलीच जमीन विकत घेतली. कृष्णवर्णीयांच्या नावे खरेदीखत होत नसे, म्हणून ते पेन्झहॉर्न या जर्मन मिशनऱ्याच्या नावे झाले.

११/ पुढे त्याच जमिनीखाली प्लॅटिनम निघाले. बाफोकेंगांनी खाण कंपनीशी दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि १९९९ मध्ये तडजोडीतून स्वामित्वधन व समभाग पदरात पाडून घेतले. तेथे रामराज्य अवतरले असे नाही. वाटपावरून आतही तक्रारी आहेत. पण हक्काचा कागद असला की वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची मिळते, एवढे सिद्ध झाले.

१२/ रस्टेनबर्गच्या दुसऱ्या बाजूला मारिकाना. खडकसमूह तोच, थर तेच. थर अरुंद असल्याने खाणीतील पोकळीही कमरेएवढी. ड्रिल चालवणारा कामगार तासन् तास वाकून वा बसून काम करतो. २०१२ मध्ये याच ड्रिल कामगारांनी १२,५०० रँड मासिक वेतनासाठी संप केला. १६ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाण कामगार मारले गेले.

१३/ म्हणून भूगर्भशास्त्र बाजूला सारून केवळ वसाहतवादाच्या नावाने बोटे मोडणारेही चुकतात. कामगाराची पाठ का वाकते, हे सल्फाइडचा तो पातळ पट्टा समजल्याशिवाय कळत नाही. मात्र वाकणारी पाठ कोणाची, वेतन किती आणि नफा कोठे जातो, हे कोणत्याही शिलारसाने ठरवलेले नाही. ते कायद्याने, खरेदीखताने आणि बंदुकीने ठरवले.

१४/ जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येते. मोटारीच्या धुरातील विष शमवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हा धातू असतो, लग्नातल्या अंगठीतही असतो. त्याचे वय विचारले तर दोनशे पाच कोटी वर्षे सांगावे. त्याचा इतिहास विचारला तर १९२४ पासून नव्हे, १९१३ च्या आधीपासून सुरुवात करावी.