तिसरीच्या पुस्तकातला आपला जिल्हा राहणार की जाणार?

बीड : दसरा झाला की आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज भागातल्या वाड्या-तांडे रिकामे व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. गाडीत भांडीकुंडी, कोयते, धान्याची पोती आणि वर बसलेली लेकरं. परत यायचं ते पाडव्याच्या मागंपुढं. या लेकरांचं जगणं शाळेच्या कुठल्या पुस्तकात आहे का? होतं, पण ते दिल्लीच्या पुस्तकात.

एनसीईआरटीच्या पाचवीच्या ‘आसपास’ या पुस्तकात धनू नावाच्या पोराचा पाठ होता. दसऱ्याला पाहुणेरावळे जमतात, पुरणपोळ्या होतात आणि मग सगळं कुटुंब ऊसतोडीला निघतं. मुकादमाचं कर्ज आणि धनूच्या शाळेचं काय, हा प्रश्न, दोन्ही त्यात होतं. गंमत बघा, हे पुस्तक चालायचं सीबीएसईच्या शाळांत. आपल्या तांड्यावरचा धनू शिकतो झेडपीच्या शाळेत आणि तिथं पुस्तक बालभारतीचं. पुढं २०२५ ला एनसीईआरटीनं पाचवीला नवीन पुस्तक आणलं.

वाद भाषेचा झाला, पुस्तक राहिलं बाजूला

राज्यानंही नवा अभ्यासक्रम आणायचं ठरवलंय. एप्रिल २०२५ मध्ये टप्पे जाहीर झाले. २०२५-२६ ला पहिली आणि २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी व सहावी असा तो क्रम होता. पण त्याच निर्णयात पहिलीपासून हिंदीचा मुद्दा आला आणि महाराष्ट्रभर रान पेटलं. २९ जून २०२५ ला सरकारनं हिंदीबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागं घेतले. भाषेवर बोलणं गरजेचंच होतं. पण नव्या पुस्तकात आत काय असणार, यावर पारावर, ग्रामसभेत फारसं कुणी बोललं नाही. ग्रामीण भागाचं खरं नुकसान तिथंच होऊ शकतं.

कारण तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक हे साधं पुस्तक नाही. बालभारतीनं ते जिल्ह्यावार केलेलं आहे. बीडच्या पोराला बीडचं, लातूरच्या पोराला लातूरचं. आपले तालुके, आपल्या नद्या, आपली पिकं, आपला नकाशा. आठ-नऊ वर्षांचं लेकरू पहिल्यांदा छापील कागदावर आपल्या गावाजवळचं नाव वाचतं. सिंदफणा, मांजरा, बालाघाट हे शब्द त्याला घरात माहीत असतात, पुस्तकात दिसले की ते खरे वाटायला लागतात. उद्या सगळ्या राज्याला किंवा देशाला एकच साचा लावला, तर पहिला घाव या पुस्तकावर बसेल.

आहे ते ठेवा, पण नवं करा

पुस्तक आहे तसंच ठेवा, असंही म्हणता येत नाही. या मालिकेची पुस्तकं आली २०१४ ला. त्यानंतर बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरातून अहिल्यानगरकडं रेल्वे सुरू झाली. शिवारात सोयाबीन वाढलं. शेजारच्या तीन जिल्ह्यांची नावंसुद्धा बदलली. जिल्ह्याचं पुस्तक जुनं झालं की लेकराला ते आपलं वाटत नाही.

दुसरी गोष्ट, जिल्हा म्हणजे फक्त नद्या आणि पिकं नव्हेत. ऊसतोड मजूर, मेंढपाळ, परळीच्या वीज केंद्रावरचा कामगार, बचत गटाची बाई, ही माणसंही जिल्हाच आहेत. नवराबायकोच्या जोडीला कोयता का म्हणतात, उचल कशी फिटते, हंगामी वसतिगृह कशासाठी असतं, हे तिसरी-चौथीच्या पोराला समजतं. त्यातल्या कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गणितालाही मोळी आणि टनाचा हिशेब चालतो. मोजता येणारं पोर उद्या मुकादमाच्या वहीत चूक दाखवू शकतं.

हे करायला फार मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्यात डाएट आहे, केंद्रशाळा आहेत, गावोगावी अनुभवी गुरुजी-बाई आहेत. पुस्तक पुण्यात छापलं तरी जिल्ह्याची पानं इथल्या माणसांनी लिहावीत, दर तीन-चार वर्षांनी तपासावीत. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकच जास्त असतात. या समितीनं एक ठराव करून शिक्षण विभागाला विचारावं, की नव्या तिसरीत आमच्या जिल्ह्याची पानं आहेत का? उत्तर पुस्तक छापायच्या आधी मिळायला पाहिजे. छापून गठ्ठे शाळेत आल्यावर विचारून उपयोग नाही.