क्लचवर गाडी टांगू नका

मंडळी, आमच्या गोतावळ्यात आता जवळपास सगळेच गाडी चालवतात. चालवतात कशी, तो वेगळा विषय!

सुट्टीच्या गर्दीत ताम्हिणीच्या चढावर वाहनं खोळंबली की पाहा. हँडब्रेक ओढायचा सोडून बरेच जण क्लच अर्धवट सोडून, ॲक्सिलरेटर देत गाडी जागच्या जागी टांगून ठेवतात. तेव्हा इंजिनाचं फ्लायव्हील फिरत असतं आणि क्लच प्लेट थांबलेली. दोन्ही एकमेकांवर घासून तापतात. तो जळका वास येतो ना, तो तिथलाच. गाडी धरून ठेवणं हे ब्रेकचं काम. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा घोटून घेतात, मग हे का नाही?

गाडी उतारावर लावताना तर नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर राहूच नये. त्याची केबल सैल पडते, आणि खाली कुणाची तरी मुलं खेळत असतात. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाका, आणि मगच क्लच व पायातला ब्रेक सोडा. परत आल्यावर किल्ली फिरवण्याआधी क्लच पूर्ण दाबायचा बरं का, नाहीतर गाडी उडी मारते. समोर भिंत असली तरीही.